खळ्यातून जाणारी वाट

वैशाख लागला की आमच्याकडे माणसं भांडायला लागतात. शेतं मोकळी पडलेली असतात, पालापाचोळा जाळून शेतांची भाजावळ उरकलेली असते, मुंबईकर आलेले असतात आणि पाऊस यायच्या आत गडगे नीट करून घ्यायचे असतात. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचं, नुसतं एकावर एक रचलेलं कुंपण. वर्षभरात गुरांनी, पोरांनी, फणसाच्या मुळांनी त्याचे दगड पाडलेले असतात. ते उचलून परत रचताना ज्याचा त्याचा हात आपसूक टीचभर पलीकडे जातो, आणि पलीकडचा नेमका त्याच वेळी कुठूनसा उगवतो. मग आईबाप निघतात, सात पिढ्या निघतात, आणि एखाद्या वर्षी कोयतेही निघतात.

मी रत्नागिरीत राहते आणि नकाशे काढते. घरांचे, सोसायट्यांचे, कधीमधी एखाद्या गल्लीचे. परवा ऑफिससमोरच्या प्लॉटवर कोणीतरी पहारीने जांभा फोडायला घेतला. जांभ्याचा आवाज बसका असतो, कानापेक्षा छातीत लागतो. माझ्या हातातली पेन्सिल हातातच मोडली. एकोणीस वर्षं झाली, पण या दिवसांत हा आवाज आला की माझी मूठ आवळते ती आवळतेच.

हल्ली मला भाषणाला बोलावतात. माणसं एकमेकांना भेटतील अशी घरं आणि रस्ते कसे करायचे, असा विषय असतो. मी सांगते, दारं समोरासमोर ठेवा, जिना मागे दडवू नका, वळणावर बसायला कट्टा द्या, गल्ली एवढीच रुंद ठेवा की समोरून येणाऱ्याला ओळख न देता जाता येणार नाही, आणि कंपाउंडची भिंत कंबरेच्या वर नेऊ नका. लोक माना डोलावतात. त्यांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ असते, चहा असतो, हसरी माणसं असतात. मला त्यांचा राग येतो. भेटणं म्हणजे गोड बोलणं, हे यांना सांगितलं कोणी? मी भावकीत वाढलेली बाई आहे. कंबरेएवढी भिंत मी सांगते ती तिच्यावर हात टेकून भांडता यावं म्हणून.

आमच्या शेजारच्या गावात एकाने गडग्यावरून सख्ख्या भावाचा कान चावून तोडला होता. कान परत जोडला गेला नाही. पुढे दोघं एकाच पंगतीला बसत, आणि कान तुटलेला मुद्दाम भावाच्या अशा बाजूला बसायचा की जेवताना त्याला ते भोक दिसत राहावं. दुसऱ्या एकाने चुलत्याच्या कलमाच्या मुळाशी गुपचूप रॉकेल ओतलं. भरल्या मोहराचं झाड उभ्या उभ्या वाळलं. त्याने चुलत्याच्या अंगाला बोटही लावलं नाही, वर येता जाता ‘काका बरे हाव ना’ असं विचारायचा. मला विचाराल तर तो कान चावणारा बरा. त्याचं जे काय होतं ते तोंडात होतं.

आमची वाडी रत्नागिरीपासून गाडीने तासाभरावर, डोंगराच्या उतरणीला आहे. वर सहा घरं, मध्ये आमचं, खाली एसटीचा रस्ता. वरच्या घरांकडून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरते ती थेट आमच्या खळ्यात. खळं म्हणजे घरापुढचं शेणाने सारवलेलं अंगण. ते ओलांडलं की दुसऱ्या टोकाला पाखाडी पुन्हा सुरू होते आणि रस्त्याला जाते. म्हणजे वरच्या माणसाला गाडी धरायची तर आमच्या पडवीसमोरून, आमच्या ताटात डोकावत जावं लागे. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, ती रीतच होती. आणि रीतीचे नियम होते. खळ्याच्या कडेला चपला हातात घ्यायच्या. सारवण ओलं असेल तर कडेकडेने जायचं. आणि मुक्याने जायचं नाही. कोणी न बोलता गेलाच तर आय मागून ओरडायची, “काय रं, जीभ घरात ठेवून आलास?”

बोलणं गोड असायचं असं मुळीच नाही. “तुमचा पाडा माज्या वांग्यात शिरला व्हता.” “मग वांगी गळ्यात बांधून फीर.” “तुमच्या छपराचे नळे सरकलेत, पावसात भिजाल.” “आमी भिजू, तुजा काय ताप?” सकाळच्या गाडीआधी आमच्या खळ्यात तीन-चार भांडणं व्हायची आणि गाडी येईपर्यंत संपायची. संध्याकाळी तीच माणसं त्याच वाटेने वर चढायची, त्यामुळे अबोला धरणं कुणालाच परवडत नसे. फार तर दोन खेपा तोंड फिरवता येई. तिसऱ्या खेपेला आय काहीतरी खरपूस बोलायची आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागायचं.

बाबा मुंबईची नोकरी संपवून कायमचे घरी आले तेव्हा मी शिक्षण पुरं करून नुकती रत्नागिरीत कामाला लागले होते. बाबांनी सारा जन्म चाळीतल्या एका खोलीत काढला होता. दारावरून सगळा मजला जायचा यायचा. गावी आलो की आपल्या दारात आपण एकटे बसू, हे एकच स्वप्न त्यांनी उराशी धरलेलं. आणि इथे तर वरची सहा घरं खळ्यातून. पहिला महिना त्यांनी सोसलं. मग एक दिवस ते पडवीत जेवत होते आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, दत्तारामकाका, वरून उतरता उतरता म्हणाले, “आज पन बांगडाच काय?”

एवढंच. पण बाबांनी ताट उचलून खळ्यात भिरकावलं. बांगडा जाऊन तुळशीपाशी पडला. काकाही काही कमी नव्हते, ते म्हणाले, “मुंबईत कुत्र्यासारखा जेवायला शिकलास तू.” बाबा त्या दिवसापासून गडग्याच्या मागे लागले. वरच्या अंगाला खळं बंद करायचं, पाखाडी अडवायची, वरच्यांनी डोंगराला वळसा घालून दुसऱ्या बाजूने रस्त्याला उतरायचं.

गावकीने अडवलं असतं. वहिवाट मोडणं आमच्याकडे सोपं नाही. पण बाबांच्या हातात मी होते. “तू शिकलेली हायस,” ते म्हणाले, “आपल्या घराचा, खळ्याचा नकाशा काढ. जे हाय ते काढ, खोटं नको.”

आणि मी खोटं काही काढलं नाही. टेप धरून इंच इंच मोजलं. वरून आलेली पाखाडी पायरी पायरीने काढली. ती खळ्याच्या कडेला आली आणि संपली. खळ्यात पायरी नव्हती, दगड नव्हता, पावलाची खूण नव्हती. मी चौकोन काढून आत लिहिलं, मोकळी जागा. खालच्या कडेला परत पायऱ्या सुरू केल्या. आय माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं पण नकाशा तिला बरोबर कळला.

“अगो, हिथली वाट कुटं गेली?”

“खळ्यात वाट दिसत नाय आये. जे दिसतं तेच काढायचं असतं.”

“मी सारवते म्हनून दिसत नाय. दर आठ दिसांनी मीच ती पुसते माज्या हातानं. म्हनून काय नाय ती?”

मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतंय. हे वाक्य मी बोलले, आणि वर हसलेही. आज माझ्या हाताखाली कुणी नकाशा घेऊन आलं की मी आधी विचारते, तिथे झाडलोट कोण करतं, त्या बाईला विचारलंस का. तेव्हा माझ्याकडे माझी स्वतःची आय होती आणि मी विचारलं नाही.

गावकी देवळापुढे बसली. बाबांनी कागद उलगडला. गावकऱ्यांनी तो हातोहात फिरवला, एकाने उलटाही धरला. कागदावर वाट खळ्याच्या कडेला तुटलेली होती. काका ओरडत होते की अरे, आपल्या बापसाची तिरडी ह्याच वाटेनं उतरली, तू पन खांदा दिला व्हतास. बाबा शांतपणे म्हणाले, “कागदावर दाखव.” बायका गावकीत बसत नसत, मीही बाहेरच उभी होते, त्यामुळे सारवणाबद्दल बोलायला तिथे कोणी नव्हतं. निकाल बाबांच्या बाजूने लागला.

तो दिवस मला वासासकट आठवतो. खळ्यात वाळत घातलेली आमसुलं, ओलं सिमेंट, जांभ्याच्या चिऱ्यांची लाल धूळ. बाबांनी रचलेला गडगा केला नाही, घडीव चिऱ्यांची सिमेंटची भिंत घेतली, डोक्याच्या वर. रचलेल्या गडग्यावरून माणूस टांग टाकून येऊ शकतो, हे त्यांना माहीत होतं. शेवटचे दोन थर आणि कडेला माणूस शिरेल एवढी फट राहिली होती, तेव्हा काका पहार घेऊन तिथून आत आले. पहार उचलली आणि भिंतीत घातली. ओला चिरा सुटला तो बाबांच्या पायावर. बाबांच्या अंगठ्याचं नख बोटासकट चेंदलं. हातातली थापी त्यांनी काकांच्या कपाळावर मारली, कड पुढे धरून. काकांचं अर्धं तोंड रक्ताने भरलं. आय धावली, काकी वरून धावत आली, आणि या दोघी, ज्या रोज सकाळी खळ्यात उभ्या राहून एकमेकींच्या विळ्या उसन्या न्यायच्या, त्यांनी एकमेकींचे केस धरले. आमसुलं पायाखाली चिरडली. ती लाल, आणि रक्त लाल, आणि धूळ लाल.

मी पडवीत होते. मी खाली उतरले आणि चिऱ्याचा एक फुटका तुकडा उचलला. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. मला बरं वाटलं. पुस्तकं, परीक्षा, टेप, इंच, सगळं गेलं आणि हातात दगड आला, आणि तो हातात नीट बसला. मी काकांच्या डोक्याचा नेम धरून तो फेकला.

मधे सुगंधा आली. सुगंधा काकांची मुलगी, माझ्याच वयाची. आम्ही दोघी याच पाखाडीने शाळेत गेलो होतो, एकाच छत्रीतून. ती बापाला आवरायला धावली होती. तिने दोन्ही हातांनी त्यांना कवळलं आणि मान वळवली, आणि दगड तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती मटकन खाली बसली. बोटांमधून रक्त आलं आणि आयच्या सारवणावर सांडलं. सगळे थांबले. काकांच्या हातातली पहार पडली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

डोळा गेला. रत्नागिरीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. सुगंधा म्हणाली, “काजूची फांदी लागली.” तिने माझं नाव घेतलं असतं तर मी जेलात गेले असते. तिचं लग्न ठरत आलेलं, ते मोडलं. ती शेजारच्या गावात अंगणवाडीत लागली, अजून तिथेच आहे. रोज सकाळची गाडी धरते.

भिंत दोन दिवसांनी पुरी झाली. गवंडी बोलावला होता.

मी तिची माफी मागितली नाही. मागणार होते, पुढच्या वेळी गावी गेले की, असं म्हणत राहिले. पण गाठ पडायची कुठे? मी रस्त्याने गाडीतून यायचे, गाडी आमच्या खालच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी लावायचे, घरात शिरायचे. ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाने उतरायची. मुद्दाम तिच्या दारात जायचं तर काळीज पाहिजे, ते माझ्याकडे नव्हतं. एकदा फोन लावला. तिने उचलला, “कोन?” म्हणाली, आणि मी ठेवून दिला. वाट असती तर एक ना एक दिवस ती समोर आलीच असती आणि मला तोंड उघडावं लागलं असतं. माणूस भित्रा असतो. त्याला रस्त्याने ढकलावं लागतं.

म्हणून मी कोपऱ्याकोपऱ्यावर भांडते. एका बंगल्याच्या मालकाला सात फुटी भिंत हवी होती, वर काचा लावून. मी म्हटलं, चोराला अडवताय की शेजाऱ्याला? तो म्हणाला, मॅडम, तुम्ही फक्त काढून द्या. ‘जे हाय ते काढ’ हे मी एकदा ऐकलेलं होतं. मी नकाशाची सुरळी त्याच्या छातीवर फेकली आणि काम सोडलं. लोक म्हणतात बाई तापट आहे. आहेच.

दत्तारामकाका गेले तेव्हा बाबा त्यांच्या मयताला डोंगराला वळसा घालून गेले. भाऊ दहा पावलांवर मरून पडलेला आणि हे लंगडत अर्धा तास रस्त्याने. परत आले ते भिंतीकडे पाठ करून बसले. वर्षभरात तेही गेले. सुंभ जळला, पीळ भिंतीत राहिला.

मागच्या दिवाळीत आय खळ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. सकाळच्या गाडीची वेळ होती. पूर्वी त्या वेळेला पाच-सहा माणसं खळ्यातून गेली असती. आय दुपार टळेपर्यंत उन्हात पडून होती. वरच्या घरातली बोलणी तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होती, पण तिचा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता. शेवटी पोस्टमन आला म्हणून वाचली. तिच्या ओठांना मुंग्या लागल्या होत्या. हे ती मला सांगत होती तेव्हा मला बाबांचा एवढा राग आला की ते जिवंत असते तर मी त्यांच्यावरही हात उचलला असता. मग वाटलं, भिंत त्यांनी घातली, पण कागद कुणाचा?

या वैशाखात मी सुट्टी काढून गावी गेले आणि घण उचलला. आय काठी घेऊन पडवीत बसली होती.

“बापसाच्या हातची हाय,” ती म्हणाली.

“शेवटचे दोन थर गवंड्याचे हायत. तिथनं सुरू करते.”

“तुज्या हातून नाय व्हायची. गडी बोलव.”

मी गडी बोलावला नाही. पहिला घाव बसला तेव्हा हाडापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसऱ्याला चिरा हलला. मी शिव्या देत होते, बाबांना, काकांना, गावकीला, स्वतःला, आणि आय ऐकत होती, तिने एकदाही गप म्हटलं नाही. तळहातांना फोड आले, फुटले, दांडा ओला झाला. मोडण्यात सुख असतं हे मी विसरले होते. संध्याकाळपर्यंत दोन माणसं जातील एवढं खिंडार पडलं, आणि पलीकडे, गवतात बुडालेल्या, पाखाडीच्या पायऱ्या होत्या तशाच होत्या.

पहिली आली ती वरच्या घरची शेळी. तिने खळ्यातलं अर्धं वाळवण खाल्लं आणि गेली. मग दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आला, खिंडाराकडे बघून म्हणाला, “एवडी घाई काय व्हती, अजून वीस वर्सं थांबायचीस.” आयने त्याला आमच्या भाषेत काय ते सुनावलं. तिचा आवाज कितीतरी वर्षांनी चढलेला ऐकला. तिसऱ्या दिवशी बायका उतरल्या. सुगंधा उतरली नाही. खालच्या रस्त्यावर, पलीकडच्या वळणावरून, ती गाडीकडे चालत जाताना मला दिसली. मी खळ्यात उभी होते. तिने वर पाहिलं नाही.

त्या तिसऱ्या दिवशी मी आयला म्हटलं, नाही येणार ती. एवढा मोठा नकाशा माझ्या डोक्यात होता, वाट उघडली की माणूस येतं. का यावं तिने? तिचा एक डोळा गेलाय. माझं एका दिवसाचं काम आणि दहा फोड.

चौथ्या दिवशी ती आली. पिशवी खांद्याला, चपला हातात. केसांत पांढरं दिसत होतं. डावी पापणी मिटलेली. खिंडारातून ती सरळ आत आली, वाकडी न होता, आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी तोंड उघडलं. जे एकोणीस वर्षं पाठ केलं होतं त्यातला एक शब्द बाहेर पडायच्या आत तिने चपला खाली टाकल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. पूर्ण हात फिरवून. कानात घण वाजला. मी धडपडत तुळशीला धरलं.

“कवापासून हुडकतंय तुला,” सुगंधा म्हणाली. तिला धाप लागली होती. “गाठच पडत नव्हती.”

तिने चपला उचलल्या, खळ्याच्या खालच्या कडेला जाऊन पायात घातल्या आणि गाडी चुकू नये म्हणून भराभर उतरून गेली. आय पडवीतून बघत होती. मग म्हणाली, “लागलं?”

“लागलं.”

“सांजच्याला परत येल ती. ह्याच वाटेनं.”

माझी सुट्टी त्या दिवशी संपत होती. मी ऑफिसात फोन करून सांगितलं, अजून चार दिवस येत नाही. संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला मी खळ्यात जाऊन उभी राहिले.